पैनगंगेकाठी कान लावून

झरी जामणी तालुक्यात पाहण्यासारखं काय आहे, असं यवतमाळात कुणालाही विचारलं तर उत्तर चटकन येत नाही. नावाजलेला किल्ला नाही, लेणी नाहीत. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, पऱ्हाटीची आणि तुरीची शेतं आहेत, त्यांच्या मागे सागवानाचं रान आहे आणि त्या रानाच्या कडेकडेने कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत. दक्षिणेला पैनगंगा, ती ओलांडली की तेलंगण. पेपरात तालुक्याचं नाव येतं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी, नाहीतर कुमारी मातांपायी. पर्यटनाच्या पुस्तकांत ते येतच नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत हा मुलूख एकदा ओझरता दिसतो. १८१८ च्या एप्रिलात दुसरा बाजीराव नागपूरकर आप्पासाहेबांशी हातमिळवणी करायला चंद्रपूरच्या रोखाने निघाला, आणि पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठून उधळून लावलं. पेशवा पळाला, फौज निघून गेली, पुस्तकही पुढे गेलं. ज्यांच्या शेतांतून ती घोडदौड झाली त्यांचं काय झालं, हे कुठे लिहिलेलं नाही.

तरीही या भागाला इतिहास आहे, आणि तो थोडाथोडका नाही. तो ऐकावा लागतो. गेल्या कित्येक पिढ्या तो तीन तारांच्या एका वाद्यावर गायला जातो. त्या वाद्याला किकरी म्हणतात. ते वाजवणारा परधान हा राजगोंडांचा कुळकथा सांगणारा, त्यांच्या देवापुढे गाणारा माणूस. पैनगंगेच्या दोन्ही काठांचा इतिहास सलगपणे ज्याला येतो असा माझ्या माहितीत तो एकटाच.

सलगपणे म्हणायचं कारण ही नदी. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि पैनगंगा सरहद्द झाली. उत्तरेचा काठ आधी इंग्रजी वऱ्हाडात, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. ज्याला वणी जिल्हा म्हणत तो १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा झाला. मग मध्य प्रदेश, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. दक्षिणेचा काठ १९४८ पर्यंत निजामाचा, १९५६ ला आंध्र प्रदेशात, २०१४ पासून तेलंगणात. नदी हलली नाही. काठांवरच्या कचेऱ्या आणि त्यांच्या भाषा बदलत गेल्या. इकडे कागद मराठीत आणि इंग्रजीत, तिकडे आधी फारसी-उर्दूत आणि मग तेलुगूत. त्यामुळे एकाच कुळातल्या दोन भावांची नोंद शोधायची तर दोन राज्यांच्या दप्तरखान्यांत जावं लागतं. आडनावंसुद्धा काठागणिक वळण घेतात: इकडचे कुमरे तिकडे कुमरा, इकडचे पेंदोर तिकडे पेंदूर. आत्राम, मडावी, मेश्राम, टेकाम मात्र दोन्हीकडे तसेच.

परधानाच्या गाण्यात ही सरहद्द नाही. त्याची गोष्ट सुरू होते ती फार मागे, देवांच्या जन्मापासून. महादेवाने गोंडांचे देव गुहेत कोंडले, पहांदी कुपार लिंगाल आणि जंगो रायताड म्हणजे जंगुबाई यांनी त्यांना सोडवलं, लिंगालने त्यांची चार, पाच, सहा आणि सात भावांच्या सगांत, म्हणजे गटांत, वाटणी केली आणि कुणाची सोयरीक कुणाशी व्हावी याचा नेम घालून दिला. आजही गोंडाच्या घरी लग्न ठरवताना समोरचा कितव्या सगाचा, हे आधी पाहतात. म्हणजे ही गोष्ट एका परीने समाजाची घटनाच आहे, आणि ती ठराविक ठिकाणी घडते. देवांच्या गुहेसाठी गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातलं कचारगड दाखवतात. माघी पौर्णिमेला तिथे लाखो लोक जमतात. जंगुबाईची गुहा महाराष्ट्र-तेलंगण सीमेवर, केरामेरीच्या डोंगरात आहे. तिथली गर्दी पौषातली. या दोन टोकांच्या मधल्या मुलखातून देव चालत गेले, थांबले, भांडले, रुसले. गाणारा एकेक डोंगर, एकेक पाणवठा नावानिशी घेत जातो. ऐकणाऱ्याला त्यातल्या काही जागा ठाऊक असतात आणि काही फक्त गाण्यामुळे ठाऊक होतात.

किकरी दिसायला साधी आहे. लाकडाचा कोरलेला पोकळ भाग, त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, वर दांडी, तीन तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. वाजवणारा मांडी घालून बसतो, वाद्य छातीशी धरतो. सारंगीसारखा गोडवा तिच्यात नाही. आवाज जाडसर, थोडा नाकातला, आणि माणसाच्या गळ्याच्या इतका जवळचा की लांबून ऐकलं तर गाणारा कोणता आणि तार कोणती हे पटकन कळत नाही. मुख्य परधान एक ओळ सोडतो, साथीदार तिचं शेपूट उचलून धरतो, आणि त्या अवकाशात पुढची ओळ जुळते. मध्येच गाणं थांबून कथन येतं, कथनातून पुन्हा गाणं. जोडीला ढोल असतो, सनईच्या जातीचं पेपरे असतं. पण मोठ्या कथेच्या वेळी सगळा भार किकरीवरच. आपल्या परंपरेचा मूळपुरुष म्हणून परधान हिरासुकाचं नाव घेतात. पहिला गाणारा तोच.

परधानाचं आणि गोंड घराण्याचं नातं पिढीजात असतं. अमुक कुळाचा अमुक परधान. वर्षातून दोनदा, पौषात आणि उन्हाळ्यात, कुळाच्या मोठ्या देवाची, पर्सापेनची पूजा होते. चवरी आणि भाल्याचं पातं ही त्याची चिन्हं. त्या पूजेला पुजारी म्हणजे कटोडा लागतो, तसा परधानही लागतो. तो आला नाही तर देवाची कथा कोण सांगणार, आणि कथा सांगितल्याशिवाय पूजा पुरी कशी व्हावी? मृत्यूच्या विधीलाही तो हवा. बदल्यात धान्य, कपडा, कधी जनावर. दान म्हणा, मजुरी म्हणा, हक्क म्हणा. परधान त्याला हक्कच मानतो आणि तेच बरोबर आहे. एवढा मोठा ग्रंथ तोंडपाठ ठेवणाऱ्याला समाजाने पोसायचं, हा जुना करार आहे.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी. या भागातल्या आणि नदीपलीकडच्या आदिलाबादेतल्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. घरात मराठी, बाजारात मराठी, आणि देवापुढे बसला की जुनी गोंडी. दुसऱ्याच्या इतिहासाची भाषा आपल्या घरच्या भाषेच्या शेजारी जिवंत ठेवायची, तिच्यातले आता कुणी न बोलणारे शब्दही जसेच्या तसे पुढच्या पिढीला द्यायचे, हे काम मराठी बोलणाऱ्या माणसांनी केलेलं आहे. आपल्या भाषेच्या इतिहासात याची नोंद फारशी कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जागा आणि गोष्ट यांची अशी गाठ घालणं मराठीला नवं नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कुठल्या गावी कुठल्या देवळात राहिले, दार कुठल्या दिशेला, ओटा कुठे, हे तिच्यात ठिकाण ठिकाण घेऊन लिहिलेलं आहे. पुढे कधीतरी येणाऱ्या भक्ताने नेमक्या त्या जागी उभं राहावं, एवढ्यासाठी. परधानाची कथा हेच काम करते. फरक इतकाच की पोथी घरी ठेवून देता येते. परधानाला बोलवावं लागतं, जेवू घालावं लागतं, रात्र जागवावी लागते.

याचं सर्वांत ठळक रूप नदीपलीकडे दिसतं. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळाची, आणि मेश्राम दोन्ही राज्यांतले. जत्रेआधी कुळातली माणसं पांढऱ्या वस्त्रांत, अनवाणी, गोदावरीचं पाणी आणायला जातात. जन्नारमच्या बाजूला हस्तिनमडुगू म्हणून डोह आहे तिथवर. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. परत आल्यावर केस्लापूरच्या वडांखाली तळ पडतो, कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घालून देतात, तिला भेटिंग म्हणतात. परधान कुळाची कथा सांगतो. ऐकणारे नुकतेच ती वाट चालून आलेले असतात. कथेतलं ठिकाण त्यांच्या पायांना ठाऊक असतं. यवतमाळ जिल्ह्यातून गेलेल्या मेश्रामांच्या मुलांना आपलं कुळ कुठून कुठे आलं हे तिथे कळतं; शाळेच्या पुस्तकात त्याचा पत्ता नसतो.

हा सगळा ठेवा कुणी टिपून ठेवला? ठेवला, पण त्याचीही कथा नदीनेच ठरवली. १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम आणि त्याचे साथी निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या प्रश्नाकडे बघणं भाग पडलं, आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ आदिलाबादच्या गोंडांत कामाला आला. मारलावई या गावी तो राहिला, तिथे गोंड शिक्षकांसाठी शाळा निघाली, आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. परधानांनी सांगितलेल्या कथा त्याने बसून लिहून घेतल्या. १९४८ चं त्याचं राजगोंडांवरचं पुस्तक त्या कथांवरच उभं आहे. त्याची छायाचित्रं आणि चित्रफिती आज लंडनच्या सोअस या संस्थेत आहेत.

त्याच काळात हैदराबाद संस्थानच्या सेवेतला एक मराठी अधिकारी तिथे फिरत होता: सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. आदिलाबादच्या गोंडांत राहून त्यांनी गोंडी शिकली, कोलामी शिकली, आणि दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. कोलामीचं १९५० मधलं. तर कॅलिफोर्नियाच्या मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात वर्धा जिल्ह्यात कोलामांकडून भाषा ऐकून नोंदवली होती. त्याचं पुस्तक १९५५ मध्ये निघालं.

आता नकाशा पुढे घ्या. पगडी आणि हायमेनडॉर्फ पैनगंगेच्या दक्षिणेला. एमेनो उत्तरेला लांब, वर्ध्याकडे. मधोमध, नदीच्या उत्तर काठाला लागून, झरी जामणी. तीच माणसं, त्याच भाषा, तेच देव. पण निजामाने नेमलेला अभ्यासक इंग्रजांच्या हद्दीत कशाला येईल? दोन मोठ्या कामांच्या मध्ये हा तालुका कोराच राहिला. आज कुणी संशोधक राजगोंडांच्या परंपरेवर लिहितो तेव्हा तो आदिलाबादबद्दल लिहितो, कारण कागद तिथला आहे. झरीच्या पोडांतले आणि गावांतले आवाज कमी मोलाचे होते म्हणून हे झालं नाही. यंत्र आणि वही घेऊन आलेला माणूस नदीपर्यंत आला आणि थांबला, एवढंच.

परधान फक्त तोंडी परंपरेचे, ही समजूतही आता पुरी खरी राहिलेली नाही. आदिलाबाद जिल्ह्यात नारनूरजवळच्या गुंजाळा गावात त्यांच्या घरांतून एका वेगळ्याच गोंडी लिपीतली हस्तलिखितं मिळाली. हैदराबादच्या अभ्यासकांनी त्यांवर काम केलं, तरुणांना ती लिपी पुन्हा शिकवली गेली, आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्या हस्तलिखितांत चंद्रपूरच्या गोंड राज्याशी असलेल्या नात्याच्याही खुणा आहेत. आता पैनगंगेच्या अलीकडच्या घरांतल्या जुन्या पेट्याही उघडून बघायला हव्यात.

जागेची गोष्ट कानाला सांगायचं हे काम जगाच्या दुसऱ्या टोकाला यंत्रही करतं, आणि त्या यंत्राचाही एक इतिहास आहे. कानाला यंत्र लावून प्रदर्शन बघायची सोय प्रथम ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्ये केली. ध्वनिफितीवरचं भाषण लघुलहरींवरून दालनात सोडलेलं असे, आणि कानाला यंत्र लावलेले सगळे जण एकाच वेळी एकच वाक्य ऐकून एकदम पुढच्या चित्राकडे वळत. पुढे १९५० च्या दशकातच अमेरिकेत हाइड पार्कच्या घरासाठी एलिनॉर रूझवेल्टने स्वतःच्या आवाजात माहिती ध्वनिमुद्रित केली. त्या घरात राहिलेली बाईच घर दाखवतेय असं ते होतं. १९८७ मध्ये अल्काट्राझ तुरुंगाच्या ऑडिओ गाइडमध्ये तिथले जुने कैदी आणि पहारेकरी बोलले. तिथून या माध्यमाला खरं बळ आलं. जाणकाराने माहिती सांगणं वेगळं आणि त्या भिंतींच्या आत राहिलेल्या माणसाने तिथेच उभं राहून सांगणं वेगळं.

वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवर, लग नावाच्या छोट्या नदीकाठी, प्रेस्टीन हे असंच एक लहान गाव आहे. नदी ओलांडली की इंग्लंड. एकेकाळी ते रॅडनॉरशर या परगण्याचं मुख्य ठिकाण होतं, पुढे महत्त्व ओसरलं. १८२९ ची कचेरीची इमारत राहिली: न्यायालय, दौऱ्यावर येणाऱ्या न्यायाधीशाचं राहतं घर, तळघरात नोकरांच्या खोल्या आणि कोठड्या. १९९७ मध्ये तिचं संग्रहालय झालं. खोल्यांत तेलाचे आणि गॅसचे दिवे, वस्तूंना हात लावायची मुभा, आणि कानात आवाज. तुम्ही खोलीत शिरता तेव्हा तिथल्या माणसांचं बोलणं कानावर पडतं: वर न्यायाधीशाच्या दालनातलं, खाली स्वयंपाकघरातलं. मोठ्यांच्या घरात धाकट्यांचं जगणंही ऐकू येतं, ही त्या गाइडची खरी हुशारी. एवढ्याशा गावाने स्वतःकडे लोकांना थांबवलं ते असं.

त्याच गावाच्या चर्चच्या आवारात एका मुलीसाठी दोन थडग्यांचे दगड आहेत. मेरी मॉर्गन सतरा वर्षांची, एका जमीनदाराच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला. १८०४ च्या सप्टेंबरात ती बाळंत झाली, नवजात अर्भकाला मारल्याचा आरोप तिच्यावर आला आणि १८०५ च्या एप्रिलात तिला फाशी दिलं. मूल कुणाचं, हा प्रश्न न्यायालयाने धसास लावला नाही. एक दगड न्यायाधीशाच्या मित्राने उभारला; त्यावर तिच्या पापाचा आणि न्यायाच्या दयाबुद्धीचा पाढा आहे. दुसरा लहान दगड कुणा अनामिकाने लावला. त्यावर बायबलातलं एकच वचन आहे, ज्याने कधी पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा अशा अर्थाचं. गावाने दोन्ही दगड ठेवले आहेत.

झरीबद्दल लिहिताना ही मुलगी मला आठवते, कारण इथल्या आदिवासी मुलींची गोष्ट आजवर बाहेरच्यांनीच सांगितली. ‘कुमारी माता’ हा मथळा करून वार्ताहर आले, समित्या आल्या, आकडे छापले गेले. बाहेरून कामाच्या, ठेक्याच्या, व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या पुरुषांनी फसवलं, हे सर्वांना ठाऊक. पण नाव लागलं ते मुलींना आणि तालुक्याला. या तालुक्याची कुणी ध्वनिफीत केली तर या बायांनी आपलं दुःख पुन्हा कुणापुढे उलगडावं अशी अपेक्षा कुणीही धरू नये. त्यांना बोलायचं असेल तर त्या काय बोलतील ते त्यांनी ठरवावं. एखादी बाई मोहफुलं कधी वेचायची ते सांगेल, एखादी बचतगटाचं सांगेल, एखादी काहीच सांगणार नाही. तिचा आवाज तालुक्याच्या इतिहासात यायला तिने जखम दाखवलीच पाहिजे, अशी अट कुणी घालायची नाही.

झरीला ऑडिओ गाइड हवा, असं मी गंभीरपणे म्हणतो आहे. तिथे बघायच्या खुणा कमी आहेत आणि सांगणारे आवाज पुष्कळ आहेत, म्हणून. माहितीचा फलक एका भाषेत लिहावा लागतो, फार तर दोन. इथे मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू या चारही भाषा एका आठवडी बाजारात कानावर पडतात, आणि त्यांतल्या दोन वाचण्यापेक्षा बोलण्यातच जगल्या आहेत. कोलामी बोलणारे देशभरात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सुमारे १ लाख २८ हजार. फलकावर तिला कोण जागा देणार? फोनवर ती सहज बोलू शकते.

पहिला आवाज कोलामाचाच असावा. याला आधार खुद्द गोंडांच्या रिवाजात आहे. डोंगराच्या आणि रानाच्या देवांची पूजा करायची तर गोंड कोलामाला बोलावतात, कारण इथले जुने रहिवासी कोलाम, आणि इथले देव त्यांचं ऐकतात. सरकारदरबारी महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक असलेला हा समाज शेजाऱ्याच्या लेखी असा वडीलधारा आहे. तेव्हा पोडाच्या चावडीपाशी उभं राहून आधी कोलामी ऐकावी, मग तिचा मराठी अर्थ. नाईक कोण, महाजन कोण, घट्या काय करतो, भीमायक देवाची पूजा कधी, बांबूची टोपली विणताना पात्या कुठल्या वेळी काढायच्या. हे सांगणारा माणूस पोडातलाच असला पाहिजे, आणि मूळ कोलामी कापून टाकून फक्त मराठी ठेवायची नाही. ऐकणाऱ्याला न कळणारं अर्धं मिनिट ऐकावं लागलं तर लागू दे.

शिबला-पारडीच्या बाजूला बसाल्टचे षट्कोनी खांब आहेत. भूगर्भाचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी काही वर्षांपूर्वी ते लोकांच्या नजरेस आणले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला अशा नेमक्या भेगा पडल्या. अंधेरीचा गिल्बर्ट हिल याच जातीचा. तिथे भूगर्भशास्त्र थोडक्यात सांगून जवळच्या गावातल्या माणसाला त्या दगडांबद्दल बोलू द्यावं. नदीकाठी सरहद्दीची सगळी हकीकत, जी वर मी सालांत सांगितली, ती त्या काठच्या शेतकऱ्याच्या तोंडून यावी. चनाखा इकडे आणि कोरटा तिकडे, त्यांच्यामधल्या बंधाऱ्यासाठी २०१६ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला. पाणी कुणाचं, हा प्रश्न तिथे रोजच्या बोलण्यात आहे.

यंत्राची अडचण फारशी नाही. २०१० मध्ये छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं तेव्हा साधा फोन पुरला. गावातला माणूस ठराविक क्रमांकाला फोन लावी, आपली बातमी किंवा गाणं गोंडीत, हिंदीत बोलून ठेवी, तपासणारे ते तपासून पुढे सोडत आणि दुसरा कुणीही फोन लावून ऐके. लिहिता-वाचता येण्याची गरज नव्हती. झरीच्या रानात आज नेटवर्क सगळीकडे मिळत नाही, तेव्हा फीत आधीच फोनवर उतरवून घेता यावी, किंवा बसस्थानकावर, ग्रामपंचायतीत ती मेमरी कार्डावर मिळावी.

अवघड भाग किकरीचा आहे. पर्सापेनपुढची कथा ही केव्हाही, कुठेही, कुणीही वाजवायची गोष्ट नाही. तिला ऋतू आहे, जागा आहे, ऐकणारं कुळ आहे. ती जशीच्या तशी टिपून फोनवर टाकणं म्हणजे देवघर रस्त्यावर मांडणं. म्हणून काय खुलं करायचं आणि काय फक्त कुळाच्या मुलांसाठी राखून ठेवायचं, हे परधान आणि त्याचं गोंड घराणं यांनी मिळून सांगायचं. कथेचा कोणता भाग वाटसरूला सांगता येतो, हे त्यांना बाहेरच्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. आणि त्याचे पैसे द्यायचे. एकदाचं मानधन पुरणार नाही. फीत जितकी वर्षं वाजेल तितकी वर्षं गाणाऱ्याच्या घरी काही जावं. जुन्या करारात धान्य होतं, जनावर होतं. नव्यात किमान बँकेत जमा होणारी रक्कम तरी असावी.

घाईचं कारण सगळ्यांना दिसतं. विदर्भातले परधान शिकले, मास्तर झाले, कचेऱ्यांत लागले, आणि ते चांगलंच झालं. यजमानाच्या दारात धान्यासाठी उभं राहणं नव्या पिढीला नको आहे, यात चूक काही नाही. पण त्या दारातून निघताना किकरी मागे राहिली. मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधानांना वेगळी वाट सापडली. आदिवासींचे अभ्यासक श्यामराव हिवाळे आणि व्हेरिअर एल्विन ज्या गावात राहिले ते हेच. हिवाळ्यांनी नर्मदेकाठच्या परधानांवर १९४६ मध्ये पुस्तक लिहिलं. तिथे किकरीच्या बहिणीला बाना म्हणतात आणि बडादेव तिच्यात वसतो असं मानतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनातल्या चित्रकार स्वामीनाथन यांच्या माणसांनी तिथल्या जनगढसिंह श्याम या तरुणाच्या हातचं काम पाहिलं, आणि बान्यावर गायले जाणारे देव कागदावर आले. आज परधान-गोंड चित्रं जगभर विकली जातात. भज्जू श्याम आणि दुर्गाबाई व्याम यांना पद्मश्री मिळाली. पैनगंगेकाठी असा कुणी आला नाही. आदिलाबादच्या बाजूला मारलावईच्या कनक राजूंना गुसाडी नृत्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्यांनी किती तरी मुलं तयार केली. ते २०२४ मध्ये गेले. किकरीला अजून तसा कुणी लाभलेला नाही.

काम कुठून सुरू करायचं ते सांगता येतं. पौषात पर्सापेनची पूजा असते, त्याच महिन्यात जंगुबाईची यात्रा आणि शेवटी नागोबा. म्हणजे वर्षातले ते काही आठवडे परधान गात असतो. त्याच्या आधी, कापूस वेचणीच्या दिवसांत, यंत्र घरी ठेवून त्याच्याकडे जावं. कुळाच्या कारभाऱ्याला विचारावं, कटोड्याला विचारावं, घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही विचारावं, कारण कथा तिलाही येत असते. काय टिपायचं ते ठरवावं, पैशांचं लेखी ठरवावं. त्यांनी होय म्हटलं तर पौषात जावं, आणि फितीची पहिली प्रत त्यांच्या घरी ठेवून मगच तहसिलीकडे वळावं.